विमानाचं अस्तर

आमच्या भद्रावतीच्या फॅक्टरी कॉलनीत लोखंडाची म्हणून जी वस्तू होती ती आधी लाल व्हायची आणि मग तिला तिचा खरा रंग मिळायचा. फाटक, खिडकीचे गज, पाण्याची टाकी, कूलरचा सांगाडा, आईची लग्नातली ट्रंक, सगळ्यांना पहिला हात रेड ऑक्साइडचा. पुष्कळदा दुसरा हात द्यायचा राहूनच जायचा आणि ते फाटक जन्मभर लालच राहायचं. त्यामुळे अस्तर म्हणजे लाल, हे आमच्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की त्यात निवडण्यासारखं काही असतं हेच कुणाला माहीत नव्हतं. फॅक्टरीत त्याला प्रायमर म्हणायचे, घरात अस्तर. मीही घरातलाच शब्द वापरते, कारण मी ते घरातच शिकले.

माझे बाबा फॅक्टरीच्या टूलरूममध्ये होते. त्याआधी ऐन तारुण्यात ते हवाई दलात होते, तिथे विमानांची चाकं आणि ब्रेक तपासायचे. विमानात बसायचा योग त्यांना फारसा आला नाही, पण विमानाच्या पोटाखाली त्यांनी इतकी वर्षं काढली होती की वरच्या बाजूपेक्षा खालची बाजू त्यांना जास्त पाठ होती. प्लास्टिकच्या छोट्या विमानांचा नाद त्यांना तिथेच लागला. सुटे भाग खोक्यात येतात, ते जोडायचे, घासायचे, रंगवायचे. आमच्या दिवाणखान्यातल्या कपाटावर त्यांची विमानं ओळीने उभी असायची आणि येणारा प्रत्येक पाहुणा आधी त्यांना बोट लावायचा आणि मग चहाला. शेजारच्या मावशी आईला म्हणायच्या की तुमच्या घरी मोठा माणूस खेळण्यांशी खेळतो. आई म्हणायची, पत्ते तर खेळत नाई ना. माझी आई आरमोरीकडच्या धानाच्या मुलखातली, तिच्या हातचे लाखोळीच्या डाळीचे वडे कॉलनीत प्रसिद्ध होते आणि तिला तोंडावर उत्तर देणं कुणाला परवडायचं नाही.

रंग फवारायचं यंत्र बाबांनी स्वतः जमवलं होतं. ट्रकच्या टायरची एक जुनी ट्यूब, ती सायकलच्या पंपाने टम्म फुगवायची, तिच्या तोंडाला रबरी नळी आणि नळीच्या टोकाला पितळेची छोटी पिचकारी. ट्यूबवर हलकेच बसलं की हवा सारख्या दाबाने यायची. लहानपणी ट्यूबवर बसायचं काम माझं होतं. पुढे ब्रश धुणं, मग लहान भाग घासणं, आणि मॅट्रिक होईपर्यंत एक-दोन सोपी विमानं मी एकटीने उभी केली होती. मुलीच्या जातीला हे कशाला, असं आमच्या घरात कुणी म्हटलं नाही, हे मी आज मुद्दाम लिहून ठेवते.

मी कॉलेजात गेले त्या वर्षी होळीच्या सुमारास बाबांचा उजवा हात कापायला लागला. आधी बशीतला चहा सांडला. मग ब्रश पाण्यात बुडवताना पेल्याच्या काठावर वाजायला लागला, टिकटिक टिकटिक. आईने काही न बोलता त्यांचा कप अर्धाच भरायला सुरुवात केली, आणि बाबांनीही काही न बोलता तो अर्धा कप दोनदा मागून घ्यायला. चंद्रपूरच्या डॉक्टरने गोळ्या दिल्या आणि हा कंप कमी होईल पण जाणार नाही असं सांगितलं. टूलरूमचं काम सगळं हाताचं. पोलादावर केसाएवढी रेघ ओढायची, ती बाबांसारखी कुणाला ओढता येत नसे. त्यांनी सेक्शनमध्ये कुणालाच सांगितलं नव्हतं. रेघ ओढायची वेळ आली की शिकाऊ पोराला शिकवायच्या निमित्ताने त्याच्या हातात सुई द्यायचे. आई म्हणायची सांगून टाका. बाबा म्हणायचे, पाहू.

त्यात एक अडचण होती. फॅक्टरीत सप्टेंबरातल्या विश्वकर्मा पूजेला प्रत्येक सेक्शनमध्ये एक लांब टेबल मांडायचे, त्यावर पांढरी चादर, आणि ज्याने त्याने वर्षभरात आपल्या हाताने केलेली एखादी वस्तू त्यावर ठेवायची. कुणी पितळेची समई, कुणी काडेपेटीत मावणारं लेथ मशीन. मशीनच्या बरोबरीने त्या वस्तूंनाही हळदकुंकू लागायचं. बाबांची जागा कोपऱ्यातली, ठरलेली. आदल्या पूजेला ते सगळ्यांसमोर बोलून बसले होते की पुढच्या वर्षी चांदीचं विमान आणतो. म्हणजे ज्या जातीच्या विमानाचे ब्रेक त्यांनी तपासले तेच, बिनरंगाचं, लखलखतं. त्याचं खोकं त्यांच्या हवाई दलातल्या एका सोबत्याने, जो पुढे बोटीवर लागला, परदेशातून आणून दिलं होतं. ते कित्येक वर्षं लाल ट्रंकेत रेशमी साड्यांखाली होतं. बाबा म्हणायचे, हात अजून तयार व्हायचा आहे. आणि हात तयार झाला तेव्हा तो कापायला लागला. आता विमान नेलं नाही तर लोक विचारणार, आणि विचारलं की सगळं बाहेर येणार.

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या त्या दिवशी त्यांनी ते खोकं माझ्यासमोर ठेवलं. म्हणाले, "हे आता तूच कर. मी इथीच बसतो." मी त्यांच्याकडे पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर रडले असते. मी झाकण उघडलं आणि सुटे भाग मोजायला घेतले.

चांदीचा रंग म्हणजे काय चीज आहे ते ज्याने लावला नाही त्याला कळायचं नाही. हिरवा, मातकट, निळा, हे रंग पोटात घेतात. चांदी काही पोटात घेत नाही. खाली एवढासा ओरखडा असला, सांधा नीट घासलेला नसला, धुळीचा कण असला, की चांदी तो उचलून दाखवते. म्हणून तिच्याखालचं अस्तर असं हवं की पातळ बसेल, सपाट बसेल, प्लास्टिकला घट्ट धरेल आणि खऱ्या विमानाच्या पत्र्यावरचे म्हणून प्लास्टिकवर उठवलेले बारीक खिळे बुजवणार नाही. अस्तराचा दुसरा उपयोग असा की सगळं विमान एकाच राखाडी रंगाचं झालं की कुठे काय चुकलंय ते डोळ्यांना दिसतं. ते झाकायला नसतंच, दाखवायला असतं. आज माझ्या टेबलावर अस्तराच्या पाच-सहा बाटल्या आहेत, घरपोच येतात, पाण्यात कालवायच्या वेगळ्या, फवाऱ्याच्या डब्यातल्या वेगळ्या. नागपूरचा माझा भाचा फोनवर तासभर विचारतो की यातली कोणती घेऊ. मी त्याला म्हणते, जी घ्यायची ती घे, पण आधी फेकायच्या तुकड्यावर लावून बघ. तेवढं एकच शास्त्र मला येतं.

फेकायचा तुकडा म्हणजे ज्या प्लास्टिकच्या चौकटीला सगळे भाग लटकलेले असतात ती चौकट. भाग तोडून घेतले की ती उरते. बाबांनी ती जपून ठेवायला लावली. भाग मी कपड्याच्या साबणाने धुतले, कारण साच्याचं तेल अंगावर राहिलं तर कोणतंच अस्तर धरत नाही. पंख तेवढे सुटे ठेवून जोडणी झाली, सांधे घासले. आणि मग अर्थातच आम्ही पहिल्यांदा रेड ऑक्साइडच घेतलं, कारण ते पायरीखाली डब्यात होतंच. चौकटीवर लावलं तर ते सायीसारखं जाड बसलं, खिळ्यांची रांग गायब. वरून चांदी मारली तर तिला तांबूस झाक आली. बाबा म्हणाले, हे फाटकालेच बरं.

मग गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडून राखाडी सरफेसर, म्हणजे गाडीच्या पत्र्याचं अस्तर, आणला. तो थिनरमध्ये कालवतात, आणि थिनर प्लास्टिकला खातो. जरा ओला हात पडला की चौकटीचा तुकडा मऊ होऊन सुरकुतला. बाबा म्हणाले की ओला नको, लांबून भुरभुर मार, थिनर वाटेतच उडून जाईल. मी अंगणात उभी राहून भुरभुर मारली. पण तो आमच्याकडचा मे महिना. आमच्या मे महिन्यात माणूस बाहेर निघताना ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवतो. थिनर वाटेत उडाला तो उडालाच, सोबत सगळा ओलावाही गेला, आणि तुकड्यावर जे येऊन पडलं तो रवा होता. हात फिरवला तर खरखर. म्हणजे जवळून मारलं तर प्लास्टिक वितळतं आणि लांबून मारलं तर रवा पडतो. बरेच दिवस मी या दोन टोकांमध्ये पुढेमागे पावलं टाकत होते आणि शेजारच्या मावशी कुंपणावरून विचारत होत्या की पोट्टी कवायत काऊन करून राह्यली.

मग मला जी अक्कल सुचली ती फक्त आमच्याकडच्याच माणसाला सुचू शकते. उन्हाळ्यात आमच्या भागात कोणतीही अडचण आली की तिच्यावर उपाय एकच, कूलरची खोली. जेवण तिथे, झोप तिथे, अभ्यास तिथे, पाहुणे तिथे, आजारी माणूस तिथे, आंब्याची अढीसुद्धा त्याच खोलीच्या कोपऱ्यात. गरमीने अस्तर वाटेत वाळतं, तर गारव्यात मारावं, इतकं सरळ. दुपारी बाबा ड्यूटीवर, आई शेजारी पापड लाटायला. मी कूलरच्या टाकीत पाणी भरलं, खस चिंब केली, ट्यूब फुगवून तिच्यावर बसले आणि त्या गार, ओल्या, वाळ्याच्या वासाच्या हवेत विमानाच्या डाव्या पंखावर सरफेसर मारला. तुकड्यावर आधी मारून पाहिलं नाही. अस्तर बसलं मात्र सुरेख, सपाट. मी कूलरपुढे उभी राहून स्वतःवर खूश होत होते तेवढ्यात पंखावर धुकं आलं. राखाडीवर पांढरट साय चढत गेली, मोतीबिंदू झालेल्या डोळ्यासारखी. कूलरच्या हवेतलं पाणी ओल्या अस्तरात बसलं होतं. पुसलं तर निघेना. तशा पंखावर पुढे काही धरलं नसतं.

बाबा संध्याकाळी आले तेव्हा कढीगोळ्यांचा वास घरभर होता आणि पंख वर्तमानपत्रावर ठेवलेला. त्यांनी तो डाव्या हाताने उचलला, खिडकीशी नेला, बोटाच्या मागच्या बाजूने चाचपला. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "राहू दे. वरून रंग चढला का दिसणार नाई कोणाले."

हे वाक्य माझ्या बाबांचं नव्हतं. एक खिळा बुजला म्हणून अख्खं विमान खरवडून काढणारा माणूस हा. चांदीखाली सगळं दिसतं हे मला शिकवणारा माणूस. मला तेव्हा कळलं की हाताबरोबर त्यांच्यातलं आणखी काहीतरी सुटत चाललंय, आणि पंख बिघडला याचं मला जेवढं वाईट वाटलं नाही तेवढं त्या वाक्याचं वाटलं. मी म्हणाले, "तुमाले दिसन, बाबा." मग सांगितलं की मी हे सगळं काढून पुन्हा लावणार आहे, आणि जोपर्यंत मला अस्तर सापडत नाही तोपर्यंत चांदीचा डबा उघडणार नाही. आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "पोट्टी म्हणते तं करू द्या नं जी." बाबांनी पंख खाली ठेवला. जेवताना त्यांनी स्वतःहून विचारलं की काढायला कोणता पॉलिशपेपर घेशील. मी म्हणाले, घासून गुळगुळीत झालेला जुना, पाण्यात भिजवून. त्यांनी मान हलवली. मला आठवतं, त्या दिवशी त्यांनी कढी दोनदा घेतली.

पंख घासायला पुष्कळ दिवस गेले. खिळे जाऊ द्यायचे नव्हते, म्हणून खिळ्यांच्या ओळींमधून काडीला कागद गुंडाळून घासलं. मग मी एसटीने चंद्रपूरला गेले आणि एका हार्डवेअरच्या दुकानात लाकडाला लावायचा पांढरा प्रायमर मागितला, जो थिनरमध्ये नाही तर टर्पेंटाइनमध्ये कालवतात. टर्पेंटाइन प्लास्टिकला इतक्या लवकर चावत नाही आणि सावकाश उडतं. दुकानदाराने विचारलं, "दाराले लावाचा का खिडकीले?" मी म्हणाले, विमानाले. त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि मग गल्ल्यावरच्या बापाला हाक मारून सांगितलं की या बाईंना विमानाला लावायचा आहे. पुढे कितीतरी वर्षं त्या दुकानात मी विमानवाली बाई होते.

तो प्रायमर चुन्यासारखा जाड. तो ढवळून तसाच ठेवला, जड भाग तळाला बसू दिला, वरचा पातळ भाग आईच्या जुन्या मलमलीतून गाळला, त्यात काळ्या ऑइलपेंटचे थेंब टाकून राखाडी केला आणि मग टर्पेंटाइन. चौकटीवर मारला. प्लास्टिक जसंच्या तसं, खिळे जागेवर, रवा नाही, धुकं नाही. वाळायला दोन दिवस घेतो एवढाच त्याचा दोष. बाबा म्हणाले, दोन दिवस काय, आपल्याले कुठी जायचं हाय.

पंख जोडून विमानाला तो मी उजाडताना मारला, ऊन तापायच्या आत, मागच्या अंगणात. आईने धूळ बसावी म्हणून आधी सडा टाकला आणि कोंबड्या हाकलत उभी राहिली. बाबा ट्यूबवर बसले. माझी लहानपणची जागा. मी फवारत गेले आणि त्यांनी बूड हलकं-जड करत हवा इतकी सारखी ठेवली की मला पिचकारीकडे बघावंच लागलं नाही. त्या कामाला हात लागत नव्हता. दोन दिवस विमान उलट्या टोपलीखाली होतं आणि घरात कुणी जोरात दार लावलं नाही. टोपली उचलली तेव्हा नाकापासून शेपटीपर्यंत एकच शांत राखाडी विमान उभं होतं. बाबांनी चष्मा लावून ते इंच इंच पाहिलं, शेपटीजवळ एका सांध्यात केसाएवढी फट दाखवली, मी ती भरली, पुन्हा अस्तर दिलं. चांदी चढवली ती पावसाची उघडीप पाहून. ती कशी दिसली ते लिहीत नाही. इतकंच सांगते की मी आतापर्यंत पुष्कळ विमानं केली आणि तसं दुसरं झालं नाही.

पूजेच्या दिवशी कुटुंबांना आत जाऊ द्यायचे. टूलरूम धुऊन काढलेली, मशीनना झेंडूच्या माळा, एकीकडे बंगाली कुटुंबांनी केलेली खिचडी आणि टमाट्याची गोड चटणी. आई, मी आणि बाबा असं ठरवून काही बोललो नव्हतो, पण मी मनाशी धरून चालले होते की विमान बाबांचं म्हणूनच टेबलावर जाणार. मला तेच हवं होतं. त्यांच्या हाताचं नाव राहावं म्हणून तर मी उन्हाळाभर घासलं होतं. विमान कोपऱ्यात ठेवलं आणि त्याच्याभोवती माणसं जमली. फोरमन घोषसाहेब वाकून वाकून पाहत होते. म्हणाले, "नामदेव, तुम्हारा हाथ हाथ नहीं, मशीन है."

पुढे काय झालं ते आधी सांगून टाकते. बाबांना हलकं काम म्हणून शिकाऊ मुलांच्या शाळेत पाठवलं, आणि निवृत्त होईपर्यंत ते तिथे सुखाने शिकवत राहिले. पण त्या क्षणी हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांना वाटत होतं की टूलरूम गेली, ओव्हरटाइम गेला, कदाचित मानही गेला. आणि गप्प राहिले असते तर यातलं काहीच गेलं नसतं, निदान त्या वर्षी.

बाबांनी उजवा हात खिशातून काढला आणि सगळ्यांच्या मध्ये समोर धरला. तो कापत होता. "हा पहा, साहेब. होळीपासून असाच हाय. मी कोणाले सांगतलं नाई." घोषसाहेबांनी हाताकडे पाहिलं, मग विमानाकडे. बाबा म्हणाले, "इमान माह्या नंदानं केलं. पंख बिघडला तं मी म्हणलो राहू दे. हे आयकली नाई." मग माझ्याकडे वळले. "सांग यायले. अस्तर कोणतं घेतलं, अन् काऊन घेतलं."

मला वाटलं होतं की मला बोलता येणार नाही. सगळी सुई-पट्टीने काम करणारी माणसं, लोखंडाचा श्वास ओळखणारी. पण मी लाल अस्तरापासून सुरुवात केली, सरफेसरचा रवा सांगितला, कूलरच्या खोलीतलं धुकं सांगितलं तेव्हा सगळे मोठ्याने हसले आणि मीही हसले. मग ते प्रश्न विचारायला लागले. गाळलं कशातून, वाळलं किती वेळात, चांदी सुटून वर आली नाही ना. पाहुण्या पोरीला विचारावं तसे नाही, आपसात विचारतात तसे. आईने वाढलेली खिचडी पत्रावळीत थंड झाली. मी बोलत होते तेवढा वेळ बाबा माझ्या शेजारी उभे होते, हात तसाच उघडा टेबलाच्या काठावर ठेवून, आणि तो कापतोय की नाही याकडे त्यांचं लक्ष नव्हतं.